काकांची बासरी

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर घरीच केलेलं एखादं तरी गाणं असतं. गणेशोत्सवातल्या बालनाट्यासाठी, कुणाच्या साठीच्या समारंभासाठी, नाहीतर नुसतंच हौसेखातर. आमच्या घरी अशी अकरा गाणी आहेत आणि ती सगळी माझ्या काकांची.

निवृत्तीनंतर काकांनी एक छोटा मिडी कीबोर्ड घेतला आणि वडोदऱ्याच्या घरात मागच्या खोलीत त्यांचा संसार मांडला. बासरी, सारंगी, तानपुरा, सगळी वाद्यं संगणकातली, म्हणजे व्हर्च्युअल. पण बासरीची फुंक कुठे वाढवायची, सूर कुठे हळूच मिटवायचा, हे त्यांनी स्वतः चक्र फिरवून, माउसने रेघा ओढून ठरवलेलं. या रेघांना ऑटोमेशन म्हणतात. गेली दोन वर्षं काकांचा हात थरथरतो. ती बासरी आता त्यांना पुन्हा तशी वाजवता येणार नाही.

म्हणून ती जपून ठेवायची, आणि गोम इथेच आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये बासरीचा आवाज नसतोच. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात, एवढ्या सूचना असतात. १९८३ साली आलेली मिडी ही एका अर्थानं स्वरलिपीच. १९१६ साली भातखंड्यांनी सयाजीरावांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आपल्या वडोदऱ्यातच भरवली. त्यांच्या स्वरलिपीमुळे बंदिशी टिकल्या, पण गळा काही कागदावर उतरत नाही. प्लगिनचंही तसंच. वाद्य उघडलं नाही तर सूचना असून आवाज नाही. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनानं ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं, तेव्हा किती जणांचे जुने ट्रॅक असे मुके झाले असतील!

यावर उपाय म्हणजे प्रत्येक ट्रॅक रेंडर करून त्याची वेव्ह फाइल करणे. आम्ही हे काम रविवारी दुपारी करायचो. पहिल्याच ट्रॅकला प्रश्न आला : ऑटोमेशनचं काय?

ते दोन प्रकारचं असतं. फुंक, कंप, फिल्टर हे वाद्याच्या आतलं, ते रेंडर करताना आवाजातच मुरतं. व्हॉल्यूम आणि पॅन हे वाद्याच्या पुढचं, मिक्सरमधलं. ते आवाजात मुरवायचं की नव्या ट्रॅकवर रेघ म्हणून ठेवायचं, हे बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये निवडता येतं. दोन्ही मात्र करायचं नाही. जिथे ६ डेसिबल उतार आहे, तिथे तो आवाजातही आला आणि रेघेतही राहिला, तर १२ होतो. बासरी मिटत नाही, गायबच होते.

मी म्हटलं, “काका, व्हॉल्यूम मोकळा ठेवूया, पुढे कुणाला बदलता येईल.”

काका म्हणाले, “बदलू देत की. पण मी कसं ठेवलं होतं, तेही कळायला हवं ना गं?”

म्हणून दोन संच केले. एक सगळं मुरवलेला, काकांनी ठरवला तसा. दुसरा व्हॉल्यूम-पॅनशिवाय, पुढच्यांसाठी. सगळ्या फाइली पहिल्या मात्रेपासून सुरू केल्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या तरी ताल जुळतो. शेवटी काही सेकंद जादा ठेवले, नाहीतर तानपुऱ्याची आस तुटते. मग मूळ ट्रॅक आणि नवी फाइल आलटून पालटून ऐकली. हे ऐकणं काकांचं, डोळे मिटून.

जागा फार लागत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओला मिनिटाला साधारण १७ एमबी. पाच मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं ७०० एमबीच्या आत बसतं. अकरा गाण्यांचे दोन्ही संच एका पेनड्राइव्हवर मावले. दुसरी प्रत पुण्याला चुलतभावाकडे आहे. मूळ प्रोजेक्टही टाकलेलं नाही.

आता कुणीही ती बासरी उघडली, की कुठल्याही परवान्याशिवाय ती काकांच्या हातानं वाजते. तुमच्या घरातलं असं काही असेल, तर ते करणारा माणूस शेजारी बसून “हो, असंच होतं” म्हणू शकतोय, तोवरच हे काम उरका.