ऐंशी टक्क्यांची पाटी

मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे फुटतो, तो आमचा देवगाव फाटा. वसुबारसेच्या आसपास इथे फटाक्यांचे स्टॉल लागतात आणि भाऊबीज उरकली की उठतात. सोयाबीन मोंढ्यावर घालून आलेली, पहिल्या वेचणीचा कापूस विकून आलेली माणसं गाडीतून उतरतात, लेकराबाळांसाठी खरेदी करतात आणि गावाकडं निघतात. वर्षभर जपून वापरलेला पैसा या तीन-चार दिवसांत मोकळा होतो. म्हणूनच त्या स्टॉलवरच्या पाट्यांबद्दल लिहावंसं वाटलं.

गेल्या दिवाळीत शेजारच्या मामींना नातवंडांसाठी फटाके घ्यायचे होते, म्हणून मी त्यांच्यासोबत गेलो. पहिल्याच स्टॉलवर लाल अक्षरात ‘८० टक्के सूट’. मामींनी भुईनळ्यांचा दहा नगांचा बॉक्स उचलला.

“कितीला हो हा?”

“मावशी, छापील किंमत बघा, ४७५. तुम्हाला फक्त ९५.”

मामींनी बॉक्स पिशवीत टाकला. एक शब्दही घासाघीस केली नाही. मला आश्चर्य वाटलं ते त्याचंच. याच मामी पोळ्याच्या बाजारात बैलाच्या गोंड्यांसाठी आणि घुंगरांसाठी दुकानदाराला घाम फोडतात. त्यानं दोनशे म्हटलं की त्या शंभरापासून सुरू करतात आणि मधे कुठंतरी सौदा तुटतो. तिथं दोघांनाही माहीत असतं की पहिला आकडा बोलण्यापुरता आहे. इथं मात्र पहिला आकडा पुठ्ठ्यावर छापलेला होता, आणि छापलेल्या आकड्याशी आमच्याकडं कुणी वाद घालत नाही.

त्याचं कारण आमच्या शेतीतच आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेलं असतं आणि ती किंमत सरकारनं बांधून दिलेली असते. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमतही केंद्र सरकारच जाहीर करतं. दुकानदारानं त्यावर दहा रुपये जास्त मागितले तर माणूस भांडतो, कारण छापील किंमत हा त्याचा हक्क आहे. शेतकऱ्याच्या डोळ्याला ही सवय लागलेली आहे: छापलं म्हणजे कुणीतरी वर बसून, हिशेब करून ठरवलेलं. फटाक्याच्या बॉक्सवरचा आकडा या विश्वासावर उभा राहतो. पण तो आकडा सरकारनं ठरवलेला नसतो. माल भरणारा तो स्वतः छापतो.

कायदा काय आहे तेही सांगतो. बंद पाकिटातल्या मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनी सक्तीचं आहे आणि त्याहून जास्त दरानं विकणं गुन्हा आहे. पण ती किंमत किती असावी, याला फटाक्यांच्या बाबतीत वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती ठरावीक औषधांसारख्या मोजक्या वस्तूंना. त्यामुळे शंभराला विकायच्या मालावर पाचशे छापले तर जास्त दरानं विकल्याचा ठपका येत नाही, आणि ८० टक्के सूट देता येते. शिवकाशीहून निघणाऱ्या घाऊक दरपत्रकांतही मोठा आकडा आणि त्यावर मोठी सूट अशीच मांडणी असते. म्हणजे सूट आमच्या फाट्यावर जन्मत नाही, ती बॉक्ससोबत छापूनच येते.

मामींना तिथंच थांबवून मी पुढचे स्टॉल पाहिले. दुसऱ्या ठिकाणी पाटी ९० टक्क्यांची होती आणि तिथं गर्दीही जास्त होती. तसाच दहा नगांचा, त्याच आकाराचा भुईनळ्यांचा बॉक्स. छापील किंमत ९५०, हातात देण्याची किंमत ९५. पाटीवर दहा टक्के वाढले आणि खिशातून जायचे रुपये तेवढेच राहिले. रस्त्याच्या पलीकडं, पत्र्याच्या शेडखाली एका पोरानं ५० टक्क्यांची पाटी लावली होती. त्याच्याकडं तसल्याच बॉक्सवर १६० छापलेले आणि तो ८० ला देत होता. त्याच्यापुढं फार कुणी उभं नव्हतं. सगळ्यात लहान सूट देणाऱ्याकडं माल सगळ्यात स्वस्त, ही गोष्ट मी मामींना पुठ्ठ्यावर लिहून दाखवली तेव्हा त्यांनी पहिला बॉक्स परत केला.

आणखी एक बाब. ८० टक्क्यांच्या पाटीखाली बारीक अक्षरात ‘काही माल नेट’ असं लिहिलेलं होतं. हा ‘नेट’ माल कोणता, तर फुलबाज्या, टिकल्या, नागगोळ्या, म्हणजे लहान लेकरं ज्यासाठी हट्ट धरतात तोच. त्यावर सूट शून्य. गिफ्ट बॉक्समध्ये तर पंधरा जिनसा एकत्र भरलेल्या. कुठली किती रुपयांना पडली हे कुणालाच काढता येत नाही.

मी सुटीच्या विरोधात नाही. नांदेडची खादी ज्यांनी वापरली आहे त्यांना गांधीजयंतीची सूट माहीत आहे. तिथं कापड ज्या दरानं एरवी विकलं जातं त्याच दरातून ती वजा होते, आणि म्हणून ती खरी असते. ज्या किमतीला माल कधी कुणी घेतलाच नाही, त्या किमतीतून वजाबाकी करणं ही सूट नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, माल एरवी ज्या दरानं विकला जातो त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. तरतूद कागदावर स्वच्छ आहे. चार दिवसांनी उठणाऱ्या स्टॉलपर्यंत ती पोचत नाही, एवढीच अडचण.

स्टॉलवर उभ्या असलेल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांतली बरीचशी आसपासच्या गावचीच, उसनवारीनं माल भरलेली. शेजारच्यानं ९० लिहिलं की त्यांना ८० लिहून भागत नाही. हे त्यांच्या हातात नाही, पण प्रशासनाच्या हातात आहे. फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांना परवाना लागतोच. तो देताना वाळूच्या बादल्या आणि दोन दुकानांतलं अंतर पाहिलं जातं, तसं प्रत्येक जिन्नसाचा विक्रीचा दर रुपयांत लिहिलेला फलकही सक्तीचा करावा, अशी माझी जिल्हा प्रशासनाला आणि वैधमापन विभागाला विनंती आहे. तोवर फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकानं टक्के विचारू नयेत. एक नग कितीला पडतो ते विचारावं, दोन दुकानं जास्त फिरावं, बिल मागावं. आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तक्रार मराठीतही करता येते.