काळी पाचची जीप

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की नातेवाईकांच्या लेखी आपण त्याच दिवशी मेकॅनिक होतो. मावशीचा मिक्सर, शेजारच्या काकांची स्कूटर, आत्याच्या विहिरीवरची मोटार, सगळं आपल्यापुढं येतं. गंभीर चेहरा करून स्क्रू ड्रायव्हर मागायचा आणि "पार्ट बदलायला लागेल" म्हणून सटकायचं, हे सेकंड इयरपर्यंत कुणालाही जमतं. पण मामाच्या जीपच्या बाबतीत सटकायची सोय नव्हती. माझी फर्स्ट इयरची फी मामानं भरली होती, आणि ती याच जीपच्या जिवावर.

मामा पाटण तालुक्यात राहतो. वरच्या वाड्यांवरचं दूध गोळा करून खाली डेअरीला पोचवतो. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा चिखलाचा, मध्ये दोन ओढे. म्हणून गाडी फोर व्हील ड्राइव्ह, जुनी, मामाच्या आधी दोघांनी वापरून सोडलेली. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर जीप रडत होती. काटा ४० च्या पुढं गेला की खालून "ऊंऽऽ" असा एकसारखा सूर. कराडच्या एका गॅरेजवाल्यानं जाग्यावर उभं राहूनच निकाल दिला होता: "मागचा डिफरन्शिअल गेला. क्राऊन-पिनियन नवीन, मजुरीसकट अठरा हजार." मामीनं म्हैस विकायची तयारी केली होती. मामा मला म्हणाला, "तू एकदा बघ की रं. मग ठरवू."

आता काय बघणार? डिफरन्शिअल मी फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये बघितला होता, तोही अर्धा कापून लाल-पिवळा रंग दिलेला. तो आवाज करत नाही.

तरी गाडी घेऊन निघालो. डांबरावरून कच्च्यावर उतरलो, सूर बदलला नाही, म्हणजे टायर नव्हे. मोकळ्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी झुलवली. चाकाचं बेअरिंग असतं तर वजन एका बाजूला गेल्यावर आवाज कमी-जास्त झाला असता. तसं काही नाही. वळणावरही तोच सूर. डिफरन्शिअलमधले छोटे स्पायडर गिअर वळतानाच खरे कामाला लागतात, म्हणजे तेही सुटले. उभ्या गाडीत इंजिन रेस केलं, चिडीचूप. राहिलं काय? क्राऊन-पिनियन. मी पण मान डोलावून म्हणालो, "गॅरेजवाला बरोबर वाटतोय."

मामा काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "पंचेचाळीसला काळी पाच लागती बघ." मामा भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्याला टायमिंगमधलं कळत नाही, पण सूर कळतो.

रात्री ते डोक्यातून जाईना. सुतळीनं टायरचा घेर मोजला, सव्वादोन मीटर. ४५ च्या वेगाला चाक सेकंदाला साडेपाच फेरे. गावात एक रिटायर मिस्त्रीकाका आहेत, त्यांना या गाडीच्या क्राऊन-पिनियनचे दात तोंडपाठ होते: ४३ आणि ८. साडेपाच गुणिले ४३ म्हणजे सेकंदाला सुमारे २४० वेळा दाताला दात भिडतो. पेटीची काळी पाच २३३ च्या आसपास. जुन्या स्पीडोमीटरचा काटा एवढा चुकणारच! प्रोपेलर शाफ्टचा हिशेब ३० वर येत होता, त्याचा सूर लागत नाही, नुसती थरथर होते. मित्रहो, टी.ओ.एम.मध्ये जेमतेम पास झालेल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल!

सकाळी काकांकडं कागद घेऊन पळालो. त्यांनी चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "पुढच्याला दात किती?"

४३ आणि ८. फोर व्हीलमध्ये दोन्हीकडं रेशो सारखाच लागतो, नाहीतर ट्रान्सफर केस ओढाताणीनं फुटेल. म्हणजे माझा हिशेब पुढच्यालाही तेवढाच लागू होता. माझा चेहरा पडला. काका पुढं म्हणाले, "पाय सोडल्यावर आवाज बदलतो का?"

नाही! तोच सूर, तेवढाच मोठा. हे मी आदल्या दिवशी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. टू व्हीलमध्ये सगळा जोर मागच्या दातांवर. ॲक्सिलरेटर दाबला की दाताची एक बाजू घासते, सोडला की दुसरी. आवाज मागचा असता तर पायाबरोबर बदलला असता. पुढच्याला इंजिनचा जोर नसतोच. पण चाकांचे हब लॉक असले तर चाकंच उलटी क्राऊनला, पिनियनला आणि पुढच्या शाफ्टला फुकट फिरवत राहतात. आणि मामाचे हब बारा महिने लॉक. पावसात खाली उतरून कोण फिरवणार?

दोन्ही हब मोकळे केले आणि मामाला चालवायला लावली. ४०. ४५. ५०. दुधाचे कॅन एकमेकांवर आपटत होते तेवढाच आवाज. मामानं गाडी कडेला घेतली आणि नुसतं स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मागचा उघडला असता तर अठरा हजारही गेले असते आणि सूरही राहिला असता.

पुढचा उघडला तर तेल नव्हतं, दुधाचा चहा होता. कारण काकांनी दाखवलं. हाउसिंगवरचा ब्रीदर मातीनं बुजलेला. गरम हाउसिंग ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि वरून हवा मिळाली नाही तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. पिनियनचं बेअरिंग गंजून खड्डे पडले होते, त्यामुळं पिनियन जागेवरून हलत होता.

पुढचे दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. बेअरिंग आणि सील नवीन. क्राऊन-पिनियन तेच ठेवायचं, कारण दात झिजलेले असले तरी तुटके नव्हते. काकांनी ग्रीसमध्ये शेंदूर कालवून दातांना लावला आणि हातानं फेरे दिले. घासलेला ठसा दाताच्या वरच्या कडेला उठला. म्हणजे पिनियन बाहेर आहे. शिम टाकून आत घेतला, तर बॅकलॅश कमी झाला. मग क्राऊन सरकवली, तर ठसा सरकला. परत उघडा. पाचव्या वेळी ठसा मधोमध आला. फडक्यात गुंडाळलेला डायल गेज काकांनी मला स्वतःच्या हातानं लावायला दिला. आमच्या लॅबमध्ये तो कपाटात असतो, आणि किल्ली ज्यांच्याकडं असते ते रजेवर असतात.

खर्च साडेतीन हजार. काकांनी मजुरी घेतली नाही, मामीनं दोन किलो खवा पाठवला.

आवाज पूर्ण गेला का? नाही. हब लॉक केले की ४५ ला अजून बारीक गुणगुण आहे. झिजलेले दात काही परत भरून येत नाहीत, आणि हे काकांनी आधीच सांगितलं होतं. ब्रीदरला आता नळी जोडून ती बॉनेटखाली वर घेतली आहे. मामा रोज चिखल संपला की खाली उतरून हब मोकळे करतो. परवा फोनवर म्हणाला, "म्हैस व्याली. आणि ऐक, सेकंड गिअरला पांढरी चार लागायला लागलीय. सबमिशन झालं की ये."