गावाने दिलेली पदवी

‘शिक्षक’ हा शब्द नेमणुकीच्या आदेशावर असतो, पगारपत्रकावर असतो. हाक मारायला तो कुणी घेत नाही. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखालच्या खामगाव-शेगावकडे. म्हातारी माणसं अजून ‘मास्तर’ म्हणतात, मधल्या पिढीच्या तोंडी ‘गुरुजी’ आणि ‘बाई’ आहे, पोरं ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणतात. एकाच माणसाला पारावर, ओसरीवर आणि वर्गात तीन नावं मिळतात. तो तिन्हींना ओ देतो.

प्रत्येक नावामागे एकेक काळ उभा आहे. ‘मास्तर’च्याही आधीचा पंतोजी गावठी शाळेचा. त्याच्या दारात सगळ्यांच्या पोरांना जागा नव्हती. पुढे शाळा सरकारी झाल्या, तरी दुजाभाव सुटला नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पोवाडा रचून त्याचाच जाब मागितला. याच सरकारी शाळांनी ‘मास्तर’ हे नाव गावोगाव नेलं. त्यात धाक होता, थोडी दहशतही होती. ‘गुरुजी’त माया मिसळली. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षं शिकवलं. नोकरी सुटली, पण ‘गुरुजी’ जन्मभर राहिलं. आणि ‘बाई’? पहिलीतलं पोर वर्गात चुकून ‘आई’ म्हणतं आणि जीभ चावतं, यात त्या हाकेचं सगळं मोल आलं.

ही हाक कशी कमवावी लागते, ते दोनशिक्षकी शाळेत बघावं. एक खोली, एक फळा. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे तिसरीचा हातचा, उजवीकडे चौथीचा भागाकार. कापूस फुटला की हजेरी निम्म्यावर येते. दारात एखादी माय उभी राहते : ‘‘गुर्जी, चार रोज पोरीले धाडत नाही. येचाले मानूस भेटत नाही.’’ गुरुजी वाद घालत नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर जातात, पोरीच्या हातात पाटी देतात, चार गणितं घालून परततात. असं दोन हंगाम चाललं की त्या घरात ‘मास्तर’चा ‘गुरुजी’ होतो.

कधी पद नसतानाही माणूस शिक्षक असतो. ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. मुलीसाठी शाळेचं दार बंद, म्हणून त्यांनी तिला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. त्या मुलीने १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि पुरुषांच्या न्यायालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. बापूजींना कुणी गुरुजी म्हटलं असेल असं वाटत नाही. पण बुलढाण्याने दिलेल्या थोर शिक्षकांत मी त्यांना आधी मोजतो.

आणि उलटंही घडतं. याच जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ शेतकऱ्याचा मुलगा, शिकलेला, शिकवायला तयार. पण नोकरीला पैसे मोजावे लागतात आणि घरात तेवढे पैसे नाहीत. पदवी हातात असून त्याला ‘सर’ म्हणणारा एक वर्ग मिळत नाही. असे एकनाथ आज गावोगाव आहेत. कुणी तासिका तत्त्वावर, कुणी विनाअनुदानित शाळेत अनुदानाची वाट बघत.

शासनाने २००० साली यात आणखी एका नावाची भर घातली : ‘शिक्षणसेवक’. काम पूर्ण शिक्षकाचं, हातात पगाराऐवजी मानधन, तेही तीन वर्षं. सेवा हा शब्द मोठा, पण त्याच्या आडून कमी पैसे देणं बरोबर नाही. ज्यांना नोकरी आहे त्यांच्याही वाट्याला मतदारयाद्या, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशेब आणि मोबाइलवर भरायच्या माहितीचे रकाने येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं मान्य केली आहेत. प्रत्यक्षात यादी संपत नाही, आणि फळ्यावरची ती रेघ तशीच राहते, दोन्ही बाजू कोऱ्या ठेवून.

आदेशाने शिक्षक नेमता येतो, गुरुजी नेमता येत नाही. ती पदवी गाव देतं, आणि ती मिळवायला माणूस वर्गात असावा लागतो. म्हणून गावाने एवढं करावं : पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या आणि नळाच्या बरोबरीने हेही विचारावं, की आमच्या शाळेतल्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि आमचे गुरुजी, आमच्या बाई या महिन्यात किती दिवस प्रत्यक्ष शिकवू शकल्या. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.