झुकते माप

मापात पाप नसावे, ही आपल्या बाजारपेठेची जुनी शिकवण. तरीही पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारा दुकानदार बहुतेक गावांनी पाहिलेला असतो, आणि शेरभर तांदूळ मोजून झाल्यावर वर आणखी एक मूठ टाकणाराही. पहिल्याशी आपण भांडतो. दुसऱ्याच्या मापाला ‘झुकते माप’ म्हणून त्याचे गुण गातो. काटेकोरपणे पाहिले तर चूक दोन्ही मापांत आहे. आमच्या मोटारीतील स्पीडोमीटर या दुसऱ्या जातीचा आहे, हे ध्यानी आल्यापासून चुकीच्या मापाविषयी आम्ही पुष्कळ विचार केला आहे.

आमची मोटार जुनी, आणि तिचे फिरणे बहुतेक जोयडा तालुक्यातले. रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, कुंभारवाडा ही आमची नित्याची गावे. सुटीत आलेला भाचा एकदा शेजारी बसला होता. हातातल्या भ्रमणध्वनीकडे पाहत तो म्हणाला, “मामा, तुमचा काटा साठ दाखवतोय, आणि हा पंचावन्न म्हणतो. खरं कोणाचं?” भ्रमणध्वनी आकाशातील उपग्रहांच्या आधारे वेग काढतो आणि मोकळ्या माळावर त्याचा शब्द सहसा खरा ठरतो, पण आमच्याकडच्या दाट झाडीत आणि घाटाच्या वळणांत उपग्रहांशी त्याची गाठ मधूनच तुटते. म्हणून आम्ही जुनाच उपाय योजला. पहाटे, रस्ता मोकळा असताना, काटा ६० वर स्थिर ठेवून आम्ही गाडी हाकली आणि सौभाग्यवतींनी किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ घड्याळावर मोजला. वेग खरोखरच ६० असता तर बरोबर ६० सेकंद लागले असते. लागले ६५. एका तासाच्या ३६०० सेकंदांना ६५ ने भागले की सुमारे ५५ येतात. प्रयोग तीनदा केला, उत्तर तेच.

“म्हणजे हा काटा लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या. “मुलाचा पगार थोडा वाढवूनच सांगायचा!”

उपमा चपखल खरी. पण काट्याचा हेतू मध्यस्थाहून पुष्कळ शुद्ध आहे. जुन्या मोटारींतील हे यंत्र मोठे साधे. ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सकडून आलेली एक लवचिक तार लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात आणि तीही त्याच्यामागे ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. नव्या मोटारींत तारेची जागा विजेच्या संवेदकाने घेतली आहे. तरी मूळ गोष्ट बदललेली नाही. रस्ता या यंत्राला दिसत नाही. ते फक्त फेरे मोजते, आणि चाक अमुक आकाराचे आहे असे गृहीत धरते.

आता चाक कधी एका आकाराचे राहते? नव्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते. ती दीडेक मिलिमीटरपर्यंत झिजली म्हणजे चाकाचा व्यास तेरा मिलिमीटरने घटतो. साधारण साठ सेंटिमीटरच्या चाकाला हा दोन टक्क्यांचा फरक. हवा कमी भरली की आणखी थोडा. अशी अनिश्चिती असताना चूक कोणत्या बाजूला पडू द्यायची, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी आधीच सोडवून ठेवला आहे. अनेक देशांनी स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की, काट्याने खऱ्या वेगाहून कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवायचे तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर, इथवर मुभा आहे. म्हणजे खऱ्या ६० ला ७० दाखवणारा काटाही त्या नियमात बसतो. मूठभर तांदूळ वर टाकण्याची ही रीत हिशेबपूर्वक ठरवलेली आहे.

खरी अडचण पुढे आहे. आमचे एक स्नेही ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणतात आणि काट्यातून पाच वजा करूनच गाडी हाकतात. त्यांनी जंगलातल्या वाटांसाठी आपल्या जीपला मोठे टायर बसवून घेतले. चाक पाच टक्क्यांनी मोठे झाले की प्रत्येक फेऱ्याला गाडी पाच टक्के अधिक पुढे जाते. काट्याला मात्र त्याची वार्ता नसते. झुकते माप अशा रीतीने निम्म्याहून अधिक सरले, आणि स्नेह्यांच्या मनातली वजाबाकी जुन्याच हिशेबाने चालू राहिली.

माप बरोबर असूनही जमीन बदलते, हे आमच्या तालुक्याला कोणी शिकवायला नको. काळी नदीवर धरण झाले आणि तालुक्याचे जुने ठाणे असलेले सुपा गाव १९८० च्या दशकात पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला आल्या. सुप्यापासून मोजलेली अंतरे खोटी नव्हती, पण ज्या वाटेवर ती मोजली ती वाटच उरली नाही. टायर बदलल्यावर जुनी वजाबाकी करणाऱ्याचे असेच होते.

शिवाय वेगाचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. ताशी ४० ऐवजी ४६ ने जाणाऱ्याला वाटते, सहाच तर वाढले. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने. दांडेली आणि अणशीचे रान मिळून २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. आमचे रस्ते त्यातून आणि त्याच्या कडेने जातात. तिन्हीसांजेला वळणापलीकडे गवा उभा असतो, सांबर असते; डोक्यावर कंदमुळांची पाटी घेतलेली कुणबी बाई असते आणि तिच्या मागे रेंगाळणारे पोर असते. त्या एक तृतीयांश अंतरात कोण उभे आहे, हे काट्याला ठाऊक नसते आणि आपल्यालाही.

म्हणून आम्ही स्पीडोमीटर दुरुस्त करून घेतलेला नाही. टायर कंपनीने ठरवलेल्या मापाचेच घेतो, हवा वेळेवर पाहतो, आणि वर्षाकाठी एकदा किलोमीटरचे दगड व घड्याळ घेऊन काट्याची परीक्षा करतो. तो कमी दाखवू लागला तर मात्र त्याच दिवशी त्याला कारागिराकडे नेऊ. बाकी ६० दाखवले की आम्ही ६० च समजतो. भाच्याला यात वेळेचा अपव्यय दिसतो: जोयड्याला पोचायला चार मिनिटे उशीर. त्याला आम्ही इतकेच सांगतो की, दुकानात झुकते माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते. इथे ती वरची मूठ रस्त्याने पायी चालणाऱ्याची आहे. ती उचलून आपल्या पिशवीत टाकायचा आपल्याला अधिकार नाही.