श्वानाचें श्रीखंड

माझ्या श्रीखंडाची आमच्या घरांत थोडी ख्याति आहे. ती मींच सांगावी हें शोभत नाहीं, पण तिचा उल्लेख केल्यावांचून पुढची हकीगत उमजणार नाहीं, म्हणून निरुपाय आहे. पाडवा असो कीं दसरा असो, चक्का बांधण्याचें, तो पुरणयंत्रांतून काढण्याचें आणि त्यांत जायफळ उगाळण्याचें काम मी नोकरींतून मोकळा झाल्यापासून माझ्याकडे आहे. त्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत माझी नात हातांत वही घेऊन समोर उभी राहिली आणि "आबा, ब्राउनीच्या वाढदिवसाचीं बिस्किटें मी करणार, वरचें आयसिंग तुम्ही करायचें," असें तिनें फर्मावलें, तेव्हां मला नवल वाटलें नाहीं. नवल वाटण्याची पाळी नंतर आली.

ब्राउनी ही आमची कुत्री. जात गावठी, रंग तांबूस, एक कान उभा व एक पडलेला. नांदेडच्या आमच्या घराच्या जिन्याखालीं ती वर्षापूर्वीं थंडीनें कुडकुडत सांपडली. तोच तिचा जन्मदिवस, असें नातीनें ठरवून टाकलें. कुत्र्यांचे वाढदिवस करण्याची ही नवी रीत मला मनापासून पटते असें नाहीं. ज्या प्राण्याला आज सोमवार कीं मंगळवार हें ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें मेणबत्ती लावून आपण टाळ्या पिटाव्या, यांत हौस आपली आणि निमित्त त्याचें. पण घरांत माझें मत कोणी विचारलेंच नव्हतें. माझें श्रीखंड तेवढें विचारलें होतें.

बिस्किटांचें काम सोपें होतें. ज्वारीचें पीठ, एक अंडें, भाजून कुटलेले बिनमिठाचे शेंगदाणे आणि पाणी, एवढ्यावर तें भागलें. खरा पेंच आयसिंगाचा. नातीच्या वहींत वर्ज्य पदार्थांची यादी होती, आणि ती तिनें आमच्या पशुवैद्यांकडून तपासून घेतली होती. हे उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले तरुण गृहस्थ, बोलण्यांत मोठे मृदु, पण पथ्याच्या बाबतींत कोणाची भीड न धरणारे.

मी साखरेचा डबा काढला. नातीनें तो परत ठेवला. मग मधुमेही लोकांची बिनसाखरेची गोडी घालूं, असें मी म्हणालों, तेव्हां तर ती किंचाळलीच. त्या गोडींत पुष्कळदां झायलिटॉल नांवाचें द्रव्य असतें. माणसाला तें निरुपद्रवी. कुत्र्याच्या शरीरांत मात्र त्यानें एकाएकीं इन्सुलिनचा पूर येतो, रक्तांतली साखर उतरते, आणि पुढें यकृतहि निकामी होऊं शकतें. बाजारांतल्या कांहीं शेंगदाण्याच्या लोण्यांतहि तें असतें, म्हणून दाणे घरींच कुटावयाचे. मीं जायफळ हातांत घेतलें. तेंहि नको, त्यानें कुत्र्याला झिंग येते व झटके येऊं शकतात. बेदाण्यांनीं मूत्रपिंडें बिघडतात. हा प्रताप त्यांतल्या टार्टारिक आम्लाचा असावा असें अलीकडे मानूं लागले आहेत, आणि त्याच कारणानें केकवाल्यांचें क्रीम ऑफ टार्टर व आपल्या आमटींतली चिंचसुद्धां संशयित ठरली आहे. चॉकलेटचें तर नांवच नको. त्यांतलें थिओब्रोमीन कुत्र्याच्या अंगांतून लवकर बाहेर पडत नाहीं. म्हणजे ज्या खाद्याचें नांव आम्हीं तिला मोठ्या कौतुकानें दिलें, तेंच तिला विष! माणसाच्या कौतुकाचें असेंच असतें.

माझ्या श्रीखंडांतून याप्रमाणें एकेक दागिना उतरत गेला, आणि शेवटीं फडक्यांत लोंबकळणारा पांढरा गोळा तेवढा उरला. परंतु तोच कामाचा निघाला. मोठ्या कुत्र्यांना दूध बहुधा पचत नाहीं, कारण त्यांतली दुग्धशर्करा पचविण्याची शक्ति त्यांच्यांत वयाबरोबर उणावते. दह्यांत ती थोडी कमी होते, आणि चक्का रात्रभर टांगला म्हणजे उरलेल्यांतली बरीचशी निवळीबरोबर गळून जाते. म्हणून मीं साय काढलेल्या दुधाचें दहीं लावलें, तें दुहेरी पंचांत बांधून नळाच्या तोटीला टांगलें, आणि सकाळीं एक लिटरामागें तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी असा घट्ट गोळा हातीं आला. गोडीसाठीं पहिल्या दिवशीं अर्धापूरचें एक पिकलें केळें त्यांत कुसकरलें. चव उत्तम, पण दुपारपर्यंत त्या आयसिंगाला असा करडा रंग चढला कीं नात रडकुंडीस आली. दुसऱ्या खेपेस वाफवलेला तांबडा भोपळा घातला. त्याला केशरी झांक आली आणि तो तसाच राहिला. हें आयसिंग साखरेच्या आयसिंगासारखें कडक होत नाहीं. थंड जागीं ठेवून आयत्या वेळीं सुरीनें फांसावें लागतें. आणि तें द्यावयाचें तेंहि बेतानेंच. असल्या खाऊचा वांटा दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असूं नये, असा वैद्यांचा दंडक आहे. माणसाच्या जिभेवर सुमारें ९००० रुचिकलिका असतात, तर कुत्र्याच्या जिभेवर सुमारें १७०० च. गोड तिला कळतें खरें, पण केशरी झांक ही सर्वस्वीं आमच्यासाठींच होती.

चक्का फांसण्याचा सराव करतां करतां मला नामदेवांची आठवण झाली. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां ती कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवणारे नामदेव हे माझ्या मतें ह्या विद्येचे आद्य आचार्य होत. त्यांची नरसी येथून फारशी दूर नाहीं. आणि त्यांचीं ६१ पदें ज्या ग्रंथांत आहेत त्या ग्रंथाला गुरुपद मिळालें तें १७०८ सालीं, ह्याच नांदेडांत. ही कथा मीं पशुवैद्यांना सांगितली. ते हंसले, आणि म्हणाले, "एका वाटीनें कांहीं होत नसेल, पण फार तुपानें कुत्र्याचें स्वादुपिंड सुजतें." कथेंत देवाची ओळख पटते तेथें कीर्तनकार थांबतो, दुसऱ्या दिवशीं कुत्र्याच्या पोटाचें काय झालें, हें तो सांगत नाहीं. मला मात्र तें विचारावेंसें वाटतें, आणि त्याला एक कारण आहे.

माझें बालपण लातुरांत गेलें. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव होतें, आणि आमची आळी गंजगोलाईपासून हांकेच्या अंतरावर होती. १९६६ सालीं मी अकरा वर्षांचा होतों. आळींत वाघ्या नांवाचा एक काळा कुत्रा होता. तो कोणा एकाचा नव्हता. पण निजावयास आमच्या ओट्यावर येई, म्हणून मी त्याला आमचाच समजत असें. खंडोबा आमचें कुलदैवत. चातुर्मासापासून आमच्याकडे कांदा, लसूण व वांगें बंद असे. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा, वांग्याचें भरीत व पातीचा कांदा देवाला दाखवावयाचा, तळी उचलावयाची, आणि मगच हे जिन्नस पुन्हा पानांत यावयाचे. खंडोबाबरोबर कुत्रा असावयाचाच. म्हणून देवामागून पहिला मान कुत्र्याचा.

त्या दिवशीं वाघ्याचें माहात्म्य काय वर्णावें! कुळाचार घरोघर, आणि कुत्रा आळींत एक. वीस घरांच्या वीस पत्रावळी त्याच्यापुढें आल्या. कोणी कपाळाला भंडारा लावला, कोणी पायांवर पाणी घातलें. थोरल्या वहिनी त्याच वर्षीं लग्न होऊन आल्या होत्या, आणि सासरीं त्यांच्या हातचें पहिलें भरीत तें तेंच. आईनें नैवेद्याची ताटली माझ्या हातीं दिली. आमची पाळी शेवटची. वाघ्यानें भरीत हुंगलें आणि तोंड फिरविलें. दारांत उभी राहून आई म्हणाली, "कुत्र्यानें नैवेद्य टाकला तर बरं नव्हे रे. घाल त्याला हातानं." मी त्याच्याजवळ बसलों, त्याची मान कुरवाळली, आणि एकेक घांस करून त्याला भरविला. तो माझ्याखातर खात होता, असें मला तेव्हां वाटलें आणि आजहि वाटतें.

चौथ्या दिवशीं वाघ्या ओट्यावरून उठेना. त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, आणि लघवी कात कालवलेल्या पाण्यासारखी लालकाळी होत होती. सहाव्या दिवशीं सकाळीं तो ओट्याखालीं मरून पडलेला आढळला. देवानें आपला कुत्रा बोलावून घेतला, असें आळींतल्या बायका म्हणाल्या. आणि शेवटचा घांस माझ्या हातचा म्हणून कांहीं दिवस मला त्याचा अभिमानहि वाटला.

गेल्या वर्षीं ब्राउनीला प्रथम दाखविलें तेव्हां पशुवैद्यांनीं सहज विचारलें, "कांदा-लसूण घालत नाहीं ना?" मग त्यांनीं समजावून सांगितलें. कांद्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांनीं कुत्र्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजविल्यानें किंवा भाजल्यानें तो गुण जात नाहीं. शरीराच्या दर किलो वजनाला १५ ते ३० ग्रॅम कांदा अपाय करण्यास पुरेसा होतो. आणि लक्षणें त्याच दिवशीं दिसत नाहींत, कांहीं दिवसांनीं दिसतात. मीं एकच प्रश्न विचारला: लघवीचा रंग कसा होतो? त्यांनीं रंग सांगितला. मी ब्राउनीची सांखळी घेऊन खालीं उतरलों आणि बराच वेळ जिन्यावर बसून राहिलों. वाघ्या कांद्यानेंच गेला, असें साठ वर्षांनंतर छातीठोकपणें म्हणवत नाहीं. पण त्यानें तोंड फिरविलें होतें, हें तर खरें ना?

चंपाषष्ठीला आम्ही अजूनहि लातूरला जातों. आई-दादा गेल्यावर कुळाचार थोरल्या वहिनींनीं चालविला आहे. यंदा ब्राउनीचा वाढदिवस नेमका त्याच दिवशीं आला, म्हणून तिलाहि न्यावयाचें ठरलें. आदल्या रात्रीं मीं वहिनींना फोन केला, आणि ब्राउनीला भरीत देऊं नका, तिला कांदा बाधतो, असें चांचरत सांगितलें.

"देवाचा प्रसाद बाधतो, असं म्हणायचंय कां तुम्हांला, भाऊजी?"

"देवाला चालतो, वहिनी. कुत्र्याला चालत नाहीं."

पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. वहिनींची स्मरणशक्ति ह्या वयांतहि चांगली आहे. मग त्यांनीं हलकेच विचारलें, "आपल्या वाघ्याला काय झालं होतं हो?"

"म्हातारा झाला होता तो," मी म्हणालों. तो म्हातारा नव्हता. माझ्याबरोबर शर्यत लावी, आणि नेहमीं पुढें जाई.

दुसऱ्या दिवशीं लातूरला पोंचलों तों चुलीशेजारीं दोन पराती मांडलेल्या होत्या. एकींत देवाचा नैवेद्य; दुसरींत बिनमिठाचे, तळहाताएवढे बारा रोडगे. कांदा चिरण्यापूर्वींच वहिनींनीं ते भाजून निराळे काढले होते. हा पंक्तिभेद होय, परंतु त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलें नाहीं. "बारा कशाला?" असें नातीनें विचारतांच त्या म्हणाल्या, "आळींत काय तुझी एकटी ब्राउनीच आहे?" माझा चक्का मीं नांदेडहून बर्फाच्या डब्यांतून आणला होता, तो बाराही रोडग्यांवर पातळ फांसला. नातीनें आपलीं बिस्किटें भोंवतीं मांडलीं. तळी उचलून झाली. वहिनी स्वतः परात घेऊन दाराबाहेर गेल्या, आणि शेजारच्या घरांतून भरिताची पत्रावळ घेऊन येणाऱ्या मुलाला त्यांनीं काय सांगितलें तें मला ऐकूं आलें नाहीं. तो पत्रावळ घेऊन आंत परत गेला, एवढें दिसलें.

ब्राउनीपुढें पहिला रोडगा ठेवला. तिनें तो हुंगला, माझ्याकडे पाहिलें, आणि वरचा चक्का कडेपर्यंत निपटून चाटला. मग तो कोरडा रोडगा तोंडांत धरून ती अंगणाच्या कोपऱ्यांत गेली, जास्वंदीच्या बुडाशीं दोन्ही पायांनीं खड्डा केला, त्यांत तो ठेवला आणि नाकानें माती लोटून पुरून टाकला.

वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं श्रीखंड तेवढं पास झालं. माझा रोडगा नापास."