करडईच्या रंगाची कंचुकी

स्नेहसंमेलनात ‘ऐतिहासिक स्त्री’ म्हटलं की आमच्याकडे वेश ठरलेला असतो. नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि अंबाड्यावर गजरा. जिजाऊ असोत, अहिल्याबाई असोत की झाशीची राणी, सगळ्यांना तोच. त्या वेशाचा मला आदर आहे, पण किल्लारीत तो जमवणं अवघड जातं. दुसऱ्या गावच्या मुली आजीच्या पेटीतलं लुगडं मागून आणतात. आमच्याकडे तशा पेट्या फारशा उरलेल्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं दगडमातीची माळवदं खाली आली. माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या, पाटल्या-पुतळ्याही ढिगाऱ्यात गेल्या. म्हणून इथल्या मुलींना वेश भाड्यानं आणावा लागतो, शिवून तयार असलेला, चकचकीत कापडाचा.

नववीच्या एका मुलीनं तो घालायला नकार दिला. तिला त्याच्याही आधीची बाई हवी होती. ‘बाई, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरणेच्या काठाला बायका होत्याच की. त्या काय नेसत व्हत्या?’ प्रश्न असा सरळ आला, की तो वेश करूनच दाखवायचा असं मी ठरवलं.

आपल्या गावाजवळून वाहणारी तेरणा वर तेरहून येते. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या टिपणात हे शहर आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर. तिथून गाड्यांवर लादून जाडंभरडं सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराकडे जायची. म्हणजे आपल्या नदीकाठचं कापड समुद्रापार पोचत होतं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरींच्या माना ताठ झाल्या. त्यांना आपल्या गावाची ओळख बहुतेक वेळा भूकंपाचं गाव एवढीच ऐकायला मिळते.

लातूर, मुरूड, ढोकी करत आम्ही तेरला गेलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेताबांधांतून गोळा केलेल्या वस्तूंचं तिथलं संग्रहालय प्रत्येक मराठवाडी माणसानं पाहावं. हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर आम्ही खूप वेळ उभ्या होतो. अशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, त्याच्या आधी कधीतरी ती इकडून तिकडे गेली असणार. दोघींच्या अंगावर दागिन्यांची दाटी आहे. पॉम्पेईच्या मूर्तीचे हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले आणि पायांत कड्यांच्या थरावर थर आहेत. पण कापड म्हणावं तर जवळजवळ नाहीच. कमरेला मेखला, बाकी उघडं अंग.

शाळेच्या मंचावर हे कसं आणायचं? इथे मला हेवा वाटला तो उत्तर युरोपातल्या लोकांचा. व्हायकिंग काळातल्या बायकांचा वेश पुन्हा उभा करणाऱ्यांच्या हाताशी थडगी आहेत. स्वीडनमधल्या बिर्का इथल्या थडग्यांत खांद्यावरच्या लंबगोल धातूच्या ब्रोचांना चिकटून कापडाचे तुकडे टिकले. त्यांवरून वीण मोजता येते, अंगरख्याचे बंद कुठून जात ते सांगता येतं. आपल्याकडे देह जाळतात, आणि उरलंसुरलं कापड उन्हापावसात कुजून जातं. आपल्याला कापड मिळत नाही. मिळतात ती चित्रं, मूर्ती आणि कविता. अजिंठ्याच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतली जुनी भित्तिचित्रं, कार्ल्याच्या चैत्यातली दांपत्यं, तेरच्या भाजक्या मातीच्या बाहुल्या आणि सातवाहन राजा हालाची ‘गाथासप्तशती’.

वाट दाखवली ती गाथेनं. मदनोत्सवात कुसुंभी कंचुकी हाच काय तो दागिना ल्यालेल्या गावातल्या तरुणींचं वर्णन तिच्यात आहे. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसले. मूर्ती उघड्या असल्या तरी गावातल्या पोरी सणाला रंगीत कंचुकी घालत होत्या, आणि तीही कुसुंभाच्या रंगाची. कुसुंभ म्हणजे आपली करडई! जी आपण तेलासाठी पेरतो, जिच्या काट्यांना सगळे वैतागतात, जिची भाजी घोळून खातो, तीच. आमच्या रानात रंगाचं पीक उभं होतं आणि त्याचा रंग कुणी काढत नव्हतं.

फुलं जमवायला एक हंगाम लागला. माघात करडई फुलते, पिवळी. पाकळ्या सुकायला लागल्या की लाल होतात, तेव्हा त्या खुडायच्या. तोवर दाणा धरलेला असतो, त्यामुळे तेलाचं नुकसान होत नाही. खुडायच्या पहाटे, दव असताना, कारण दवानं काटे मऊ पडतात. हाताला धडपं गुंडाळून मुलींनी पाकळ्या खुडल्या, सावलीत वाळवल्या आणि डब्यात भरून ठेवल्या.

रंग काढण्याची कृती जरा सविस्तर सांगते, कारण ती कुणालाही घरी करता येईल. या फुलात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात लगेच सुटतो, आणि आपल्याला तो नको असतो, कारण सुती कापड तो नीट धरत नाही. पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात चोळायच्या, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा चोळायच्या. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत हे करत राहायचं. मग तीच पुरचुंडी राखेच्या पाण्यात. आम्ही आघाडा जाळून त्याची राख भिजवली आणि वरची निवळ घेतली. पापडखारही चालतो. त्यात पाकळ्या दाबल्या की गढूळ, तपकिरी-लाल पाणी निघतं. ते पाहून रंग फसला असंच वाटतं. त्यात कापड बुडवायचं आणि लिंबाचा रस पिळत जायचं. पाणी फसफसतं, आणि बघता बघता तपकिरीपणा जाऊन लखलखीत गुलाबी-लाल रंग उमटतो. मुली ओरडल्याच. या रंगाला विस्तव चालत नाही, सगळं गारच करायचं. गडद हवा असेल तर नव्या पाकळ्यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवायचं आणि सावलीत वाळवायचं.

कापड नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं घेतलं. राष्ट्रध्वजासाठी खादी तयार करणारी ही संस्था. तिची थोडी जाडसर खादी तगरच्या भरड्या कापडाला शोभेल असं वाटलं. कंचुकीपुरतं रंगवलं, खालचं वस्त्र कोरंच ठेवलं. कंचुकीला गळा-बाह्यांची आजची कापाकापी केली नाही. छातीवरून घेऊन पाठीमागे गाठ, एवढंच.

खालच्या वस्त्राचं कोडं सासूबाईंनी सोडवलं. मी कार्ल्याच्या मूर्तींचे फोटो पुढ्यात घेऊन निऱ्या कुठून सुरू होतात ते शोधत होते. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘यात काय बघायलीस एवढं? कासोटाच की ह्यो. फकस्त पदर न्हाई.’ मग उठून स्वतःच्या लुगड्याचा कासोटा सोडून पुन्हा घालून दाखवला. कापड आधी कमरेला गाठ मारून घट्ट, समोर निऱ्या, त्यांचं एक टोक पायांतून मागे नेऊन खोवायचं. आयुष्यभर रानात खुरपं धरून वाकलेल्या बाईच्या बोटांना हे जेवढं कळतं तेवढं मला फोटोंवरून कळलं नसतं.

दागिन्यांत सर्वांत जास्त काम मण्यांचं होतं. तेरला भाजक्या मातीचे, काचेचे, कार्नेलियनचे मणी सापडले आहेत. रोमन नाण्यांचे ठसे उमटवलेली मातीची लटकनंही मिळाली आहेत. ती गळ्यात घालत असावेत. आम्ही कुंभाराकडून माती आणली, मणी वळले, काडीनं भोकं पाडली आणि त्याच्याच भट्टीत भाजून घेतले. कुंभार संत गोरोबाकाकांच्या तेरचा वेश आणि मणी भट्टीतले, हे त्या कुंभाराला इतकं आवडलं की त्यानं पैसे घेतले नाहीत. मेखला त्याच मण्यांच्या पाच सरांची झाली. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांसाठी तांड्यावर गेलो. लमाण बायकांचे हात भरलेले पाहिल्यावर मूर्तीतली ती दाटी अगदी ओळखीची वाटायला लागते. पूर्वी त्यांच्या हातांत हस्तिदंती असायच्या, आता प्लास्टिकच्या आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या याडीनं, म्हणजे आईनं, मुलीच्या हातात एकेक बांगडी सरकवत सांगितलं, की खाली लहान आणि वर मोठी असा क्रम चुकला तर हात आखडतो.

संमेलनात मुलगी मंचावर आली तेव्हा निवेदनात नाव कुठल्या राणीचं नव्हतं. ‘तगरची विणकर बाई, सातवाहन काळ’ एवढंच. नंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की मराठमोळं सोडून हे कुठलं परकं आणलंत. मी त्यांना पेरिप्लसचं सांगितलं, करडईचं सांगितलं आणि तेरणेचं पात्र दाखवलं. पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी पाकळ्या कधी खुडायच्या ते मात्र नीट विचारून घेतलं. त्यांच्याकडे दोन एकर करडई आहे.

कुसुंभी रंग उन्हाला टिकत नाही, त्यामुळे कंचुकी दरवर्षी नव्यानं रंगवावी लागणार. यंदा चिंचेच्या आंबटावर करून पाहायचं आहे. आणि केसांचं काम अजून राहिलंय. पॉम्पेईच्या मूर्तीच्या पाठीवर वेणीची जी गुंफण आहे, ती समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. मागून काढलेला स्वच्छ फोटो आम्ही शोधतोय.