गनमेटलचं बुश

आमची फियाट आधी वडिलांच्या नावावर होती, आता माझ्या नावावर आहे. चालली मात्र मेस्त्रींच्या जिवावर. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर कुठेच आलेलं नव्हतं, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचा अर्ज आला तेव्हा त्यातही त्याला जागा नव्हती. मालकाचं नाव, मॉडेल, साल, चेसिस नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग कोणता, आताचा कोणता. पुण्यात राहणाऱ्या मुलीनं तो अर्ज परस्पर भरून टाकला आणि फोनवर मला बजावलं, "बाबा, ट्रकवर घालून आणायची नाही. चालवत आणायची." मी म्हटलं, आणतो, पण मेस्त्री बरोबर आले तरच.

मेस्त्री ऐंशीच्या पुढचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं त्यांचं गॅरेज आता पुतण्या बघतो. बघतो म्हणजे काय, गॅरेज बंद करून त्यानं तिथं सीएनसी मशीन बसवलंय. मी जाऊन पुण्याचं सांगितलं तर मेस्त्रींचा पहिला प्रश्न, "धाकटे वकील, पेट्रोल कुठलं घालालाय?" मी जन्मभर बँकेत नोकरी केली, पण वडील वकील होते म्हणून मेस्त्रींच्या लेखी मी धाकटा वकील. निवृत्त झालो तरी त्यात बदल नाही.

प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा होता. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल जुन्या रबराला सुखानं नांदू देत नाही. नळ्या फुगतात, पेट्रोल पंपाचा डायफ्राम मऊ पडतो. आमच्याच जिल्ह्यातल्या उसापासून आमच्याच कारखान्यांत गाळलेला अल्कोहोल आमच्याच फियाटचं रबर खातो, आता तक्रार कुणाकडे करायची? मेस्त्रींनी पुतण्याला हाताशी घेऊन नळ्या बदलल्या, डायफ्राम नव्या जातीचा घातला, किंगपिनांना ग्रीस भरलं. त्यांचे हात थरथरतात, म्हणून पाना पुतण्याच्या हातात आणि डोळे मेस्त्रींचे. पुतण्याला हे नवीनच होतं. ह्या इंजिनाला कॉम्प्युटर जोडायची सोय नाही याचंच त्याला राहून राहून नवल वाटत होतं.

गाडी १९६९ची, फियाट ११०० डिलाइट. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगखाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. प्रीमियर कंपनी १९४४ची, वालचंद १९५३ला गेले आणि डिलाइट आली १९६४ला, म्हणजे ही गाडी काही त्यांनी पाहिली नाही. पुढे हिचीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ला पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती सगळ्या देशानं सिनेमात पाहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखच छापले. वडिलांनी गाडी घेतली ती जुनीच. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ. पक्षकारांच्या तारखा सांभाळणाऱ्या माणसाला आणखी एक तारीख नको होती.

गाडी आली की पार्ट लागतात. पार्ट मिळायचे मुंबईला, ऑपेरा हाउसच्या बाजारात, आणि तिथं मिळाले नाहीत तर कुठंच नाही. परदेशातून मागवायचं तर आयातीचे नियम आडवे. उद्यमनगरात मात्र ओतकाम करणारे होते, लेथवाले होते, पॅटर्न करणारे सुतार होते. शेतीची इंजिनं, उसाचे चरक, पंप इथंच घडत आलेले. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव इथं अजून आदरानं घेतात. त्या परंपरेतला माणूस मुंबईच्या पार्सलाची वाट बघत बसेल कशाला? "पार्ट येस्तवर गाडी हुबी ठिवायची व्हय?" असं म्हणून मेस्त्री मोडका भाग घेऊन शेजारच्या फाउंड्रीत जायचे आणि चार दिवसांनी तसाच नवा घेऊन यायचे. आमच्या गाडीच्या पाण्याच्या पंपाची बॉडी अशीच तिथं ओतलेली आहे. जवळून बघितलं तर वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तिच्या पाठीवर अजून दिसतो.

आता मुख्य गोष्ट. १९७९च्या पावसाळ्यात एका रात्री आईच्या पोटात दुखायला लागलं. फॅमिली डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, मिरजेला न्या, आत्ताच्या आत्ता. मिरज मिशनचा तेव्हा आमच्या भागात मोठा आधार होता. गाडी दारात होती, पण तिच्या गिअरला रोग जडलेला. स्टेअरिंगखालच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत लिंकेजच्या सळ्या जातात, त्यांच्या सांध्यातलं बुश झिजलं होतं. बुश झिजलं की सळ्या एकमेकींत अडकतात आणि गिअर ना पुढे जातो ना मागे. मग बॉनेट उघडायचं, हात घालून सळी ओढायची, सोडवायची. वडिलांना हे जमत नसे. मला तर गाडीच चालवता येत नव्हती. मुंबईहून बुश येणार येणार म्हणून महिना गेला होता.

शेजारच्या मुलाला सायकलवर मेस्त्रींकडे पिटाळला. मेस्त्री त्याच सायकलवर त्याला पुढे बसवून आले, डोक्यावर पोत्याची खोळ. काही बोलले नाहीत. आईला मागच्या सीटवर आडवं केलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, वडील पुढे. हातकणंगल्याच्या पुढे गिअर अडकलाच. मेस्त्री खाली उतरले, बॉनेट वर केलं, वडिलांनी बॅटरी धरली. तापलेल्या इंजिनाच्या कडेनं त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. वायपर थांबलेले, काच पावसानं भरलेली, आणि त्या भरलेल्या काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. सळी सुटल्याचा खट् असा आवाज आला. परत येऊन बसले तेव्हा उजव्या हाताची कातडी मनगटापासून सोललेली होती. तिथून मिरजेपर्यंत त्यांनी गाडी एकदाही थांबू दिली नाही. तिसऱ्यात टाकली ती टाकली. अंकलीच्या पुलावरून कृष्णेचा घोंघावता आवाज येत होता, तिथंही तिसरा, आणि मिरज गावातल्या बोळातही क्लच दाबत, गुरगुरत तिसराच.

अपेंडिक्स फुटलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. मेस्त्री आमच्याबरोबर तिथंच राहिले, गाडीतच झोपले, गॅरेज बंद. आईला घरी आणल्यावर वडिलांनी पाकिटात पैसे घालून पुढे केले. मेस्त्रींनी पाकीट परत त्यांच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "गाडीचं बिल दर महिन्याला घेतो की वकीलसायेब. ह्ये गाडीचं काम न्हवतं." त्यानंतर वडिलांनी त्यांना पुन्हा कधी पैशाचं विचारलं नाही. मेस्त्रींच्या भावकीतला एक जमिनीचा दावा मात्र त्यांनी फी न घेता चालवला, आणि तो मेस्त्रींनी चालू दिला. आई पुढे माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढायला होती.

मुंबईचं बुश आलंच नाही. मेस्त्रींनी एका जुन्या पंपाच्या भंगारातून गनमेटलचा तुकडा काढला, लेथवर लावला आणि स्वतः टर्न करून बुश बसवलं. म्हणाले, "आता ह्ये अडकत न्हाई." अडकलं नाही. अजूनही नाही.

पुण्याला निघालो ते पहाटे, अंधारात. मेस्त्री पांढरा शर्ट, पायजमा, टोपी अशा लग्नाच्या थाटात. मांडीवर खाकी कापडात गुंडाळलेले पाने. हायवेचं सहापदरीकरण चाललेलं, त्यामुळे रस्ता म्हणजे नुसती वळवावळवी आणि धूळ. वर हंगाम उसाचा. कराडच्या अलीकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि तिच्या मागे गोगलगायीसारखं चालता चालता आमची फियाट तापली, ठसकली आणि बंद पडली. व्हेपर लॉक. पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला काही पोचत नाही. मेस्त्री खाली उतरलेच नाहीत. पिशवीतून धुतलेला पंचा काढून माझ्या हातात दिला. "भिजवा, पिळू नका, पंपावर गुंडाळा. आन् बिडी वढून हुईस्तवर सेल मारू नका." मेस्त्रींनी बिडी सोडून बरीच वर्षं झाली, पण वेळेचं माप तेच. तेवढा वेळ थांबलो, सेल मारला, गाडी सुरू. एक इनोव्हावाला थांबून विचारत होता, मदत हवी का. मेस्त्रींनी त्याला हात जोडून पुढे जायला सांगितलं.

सातारा, भुईंज, खंबाटकीचा बोगदा. बोगद्याच्या पलीकडच्या त्या बदनाम एस वळणावर मी दुसरा गिअर टाकला तेव्हा मेस्त्री माझ्या हाताकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.

मेळाव्यात काय काय होतं! डुक्कर फियाट होती, दारं उलटी उघडणारी. लँडमास्टर, विलीज जीप, मैसूरच्या जावा मोटारसायकली, आणि आमच्या फियाटसारखीच कुर्ल्यात जोडलेली एक भली दांडगी डॉज किंग्जवे. लोक फोटो काढत होते, मुलं हॉर्न दाबू का म्हणून विचारत होती. मेस्त्री थेट गेले ते मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डपाशी. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलथतं आणि पुढची चाकं, इंजिन, सगळं उघड्यावर येतं. तिचा मालक तरुण होता. त्यानं हौसेनं उघडून दाखवलं. मेस्त्री टोपी काढून बघत राहिले. "मेस्त्रीचा इचार करून केलेली गाडी हाय," म्हणाले. आयुष्यभर चिंचोळ्या फटींत हात सोलून घेतलेल्या माणसाचा तो अभिप्राय होता. त्या मुलाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यानं मेस्त्रींना खुर्ची आणून दिली.

मग परीक्षक आले. सभ्य माणूस, अभ्यास दांडगा. टॉर्च घेऊन आत बघितलं आणि कागदावर गुण कापत गेले. पाण्याच्या पंपाची बॉडी मूळ नाही. गिअर लिंकेजचं बुश मूळ नाही. मी काही बोलायच्या आत मेस्त्रीच म्हणाले, "बराबर हाय सायबांचं. त्ये कंपनीचं न्हाई, माझं हाय." परीक्षकांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, बुशाला पुन्हा टॉर्च लावली, बोटानं हलवून पाहिलं. खेळ नव्हता. "केव्हा केलंत?" त्यांनी विचारलं. मेस्त्रींनी साल सांगितलं, मिरजेचं सांगितलं नाही. परीक्षकांनी नमस्कार केला. गुण कापलेले तसेच राहिले, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होतं. बक्षीस डॉजला गेलं.

पण नियमाबद्दल माझं म्हणणं आहे. मूळ अवस्थेत राहिलेली गाडी हा मान राजवाड्याला परवडतो. कोल्हापूरच्या दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक निघते, ती बघायला मेस्त्री लहानपणी गर्दीत घुसायचे. तशी गाडी जपून ठेवायची असते. वकिलाची, डॉक्टरची, टॅक्सीवाल्याची गाडी रोज चालवायची होती. पार्ट मिळत नव्हते त्या काळात ती चालली याचा अर्थच असा, की तिच्यात कुणीतरी स्वतःच्या हातानं काही घडवून घातलं. मध्यमवर्गीयाची १९६९ची गाडी शंभर टक्के मूळ असेल, तर ती बहुधा शेडमध्ये उभी होती. केंद्र सरकारनं २०२१ला जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांतही पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी, तिच्या चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. पण लेथवर टर्न केलेल्या एका बुशाला तिथं बहुधा कुणी हरकत घेणार नाही.

परतल्यावर मी मेस्त्रींना समोर बसवून यादी लिहून काढली: कोणता भाग, कधी, कुणी ओतला, कुणी टर्न केला. बरीच नावं निघाली. त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. यादी आरसी बुकाबरोबर ठेवली आहे.

आणि मेळावे भरवणाऱ्यांना एक विनंती. तुमचे गुण जरूर कापा, पण पुढच्या वर्षीच्या अर्जात मालकाच्या नावाखाली एक ओळ वाढवा: मेस्त्रीचं नाव, गाव. आमच्या गाडीपुरती ती मी भरून देतो.